शेजारी बायकोला मारतोय, आम्ही काय करायचं?

तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर लिहितो. खानापूर असो, निपाणी असो, बेळगावातलं शहापूर असो, मंडळातली पोरं हेच विचारतात: "शेजारी बायकोला मारतोय, भिंतीपलीकडनं ऐकू येतंय. पण नवरा-बायकोच्या मधे परक्या पुरुषानं पडायचं कसं? उद्या आमच्याच नावानं बोंब झाली तर?"

पडायचं. गल्लीत कुणी विचारणार नाही याची खात्री असते, म्हणूनच त्याचा हात उठतो. ११ डिसेंबर २०२३ ला बेळगाव तालुक्यातल्या वंटमुरीत एका आईला विवस्त्र करून खांबाला बांधलं, कारण तिचा मुलगा एका मुलीबरोबर निघून गेला होता. उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली, तेव्हा नुसत्या बघत उभ्या राहिलेल्यांनाही सुनावलं.

आता कसं पडायचं ते. एकट्यानं जाऊ नका, दोघं-तिघं जा. दार वाजवा आणि काहीतरी मागा: "काका, मोटारीचा फ्यूज गेलाय, टेस्टर हाय काय?" निमित्त खोटं आहे हे त्यालाही कळतं, पण हात थांबतो. आत घुसून त्याला धरू नका. पुरुषांची झटापट झाली की त्याचा सगळा राग रात्री तिच्यावर निघतो. हातात कोयता किंवा पेट्रोलचा डबा दिसला तर निमित्त शोधत बसू नका. ११२ ला फोन लावा आणि पोलीस येईपर्यंत दारासमोरून हलू नका. व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकायचा नाही. तिची लाज चव्हाट्यावर येते, आणि पुढच्या वेळी ती ओरडतसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी तो शुद्धीत असताना त्याच्याशी बोलायचं. ज्याचा शब्द तो मानतो त्यानं बोलावं: थोरला भाऊ, मामा, तालमीतले वस्ताद. चारचौघांत नको, एकट्याला गाठून. "काल तुझ्या घरातनं आवाज आला, आम्ही ऐकला. मारणं बंद झालं पाहिजे." एवढंच. "वैनी सांगत होती" असं चुकूनही म्हणू नका, घरी गेल्यावर त्याचा हिशेब तिला द्यावा लागतो. आणि कारण विचारू नका. कारण विचारलंत की तो वकील आणि तुम्ही न्यायाधीश; जेवण करपलं, उलट बोलली, फोनवर असते, अशी यादी सुरू होते आणि मारणं बाजूलाच राहतं. दारूचं तसंच. प्यायलेला माणूस कारखान्यातल्या साहेबावर हात टाकत नाही. कुणाला मारायचं हे त्याला पिऊनही कळत असतं. दारू सोडवायला मदत जरूर करा, पण ती सुटेपर्यंत मार चालू द्यायचा नाही.

तिच्याशी मात्र तुम्ही एकट्यानं बोलायला जाऊ नका, संशयाला आयतं निमित्त मिळतं. तुमची आई, अंगणवाडीच्या बाई, आशाताई यांच्यामार्फत विचारा, आणि पुढं काय करायचं ते तिला ठरवू द्या.

सगळ्यात जास्त नुकसान देवळातल्या बैठकीत होतं असं आमचं ठाम मत आहे. पाच-सहा पुरुष चटईवर, ती दाराआड. "पुन्हा मारणार नाही" असं बाँडवर लिहून घेतात आणि त्याच संध्याकाळी तिला परत पाठवतात. त्यानं तो बाँड मोडला तर पंच काय करणार? उलट कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्याखाली कोर्टाकडून मिळालेला संरक्षण आदेश त्यानं मोडला, तर १ वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय बैठकांत दिवस जातात, वळ पुसले जातात. म्हणून आधी सरकारी दवाखाना, आणि तिथं "पायरीवरून पडले" असं सांगायचं नाही. केसपेपरवर जे लिहिलं जातं तेच पुढं कोर्टात निघतं.

याच कायद्याच्या कलम ४ नुसार हिंसेची माहिती शेजारीसुद्धा संरक्षण अधिकाऱ्याला देऊ शकतो, आणि ती सद्हेतूनं दिली असेल तर त्याच्यावर कसलीही जबाबदारी येत नाही. "आमच्या नावानं बोंब"चं उत्तर हे आहे. कर्नाटकात संरक्षण अधिकाऱ्याचं काम तालुक्याच्या सीडीपीओंकडं, म्हणजे बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडं आहे. कोर्टात अर्ज आल्यावर पहिली तारीख साधारण ३ दिवसांत आणि निकाल ६० दिवसांत द्यावा असं कायदा म्हणतो; प्रत्यक्षात तारखा लांबतात, तेव्हा बरोबर जाणारं माणूस लागतं. वकील मोफत मिळतो, बाईच्या उत्पन्नाची अट नाही.

सीमाभागात एक गैरसमज फार आहे. महाराष्ट्रातल्या चंदगडची लेक कर्नाटकातल्या खानापुरात दिली, तर "आता कर्नाटकातच भांडावं लागणार" म्हणून माहेरचे हातपाय गाळतात. तसं नाही. ती माहेरी येऊन राहिली असेल तर या कायद्याखालचा अर्ज तिथल्या कोर्टात करता येतो, आणि त्या कोर्टाचा आदेश सगळ्या देशात चालतो. पोलिसांतली फिर्यादही हद्दीचं कारण सांगून नाकारता येत नाही. कर्नाटकातल्या ठाण्यात ती कन्नडमध्ये लिहिली जाईल. सही करण्याआधी समजेल अशी वाचून घ्या आणि प्रत मागा, ती फुकट मिळते.

आता भावांसाठी. राखीला साडी देता आणि वाटणीच्या वेळी अक्काकडून हक्कसोडीवर सही घेता. मग मार खाऊन ती परत आली की "चार दिवस राहा, मग बघू." जिला परत यायला जागा नाही, तिला नवरा बिनधास्त मारतो. २००५ पासून वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा वाटा मुलाइतकाच आहे. ती सही मागू नका. तिचं आधार, रेशनकार्ड, बँकेचं पासबुक, पोरांचे शाळेचे दाखले यांच्या झेरॉक्स तुमच्या कपाटात असू द्या. ती घर सोडते तो दिवस आणि पुढचे काही आठवडे सगळ्यात धोक्याचे असतात. ती कुठं आहे हे पाहुण्यारावळ्यांना सांगू नका, आणि तो "पोरांना बघायला आलोय" म्हणत दारात आला तर तिला विचारल्याशिवाय आत घेऊ नका.