तुम्ही विचारलंत म्हणून: तिथेच काही मिळालं नसतं का?

"अहो, पण तिथेच काहीतरी मिळालं नसतं का?" नोकरी गेल्यावर मी दुसऱ्या शहरात नोकरी धरली, घर हलवलं; तेव्हापासून गेली 2 वर्षं भेटेल तो हे विचारतो. जुने सहकारी विचारतात, सासरे विचारतात, सामान हलवायला आलेल्या माणसानेही विचारलं होतं. माझं उत्तर ठरलेलं: "माझ्या कामाला तिथे वाव उरला नव्हता." समोरचा मान डोलावतो, विषय संपतो.

खरं म्हणजे, मिळत होतं.

नोकरकपातीत नाव येऊन सहावा महिना चालू होता. ते महिने कसे गेले ते इथे उगाळत नाही. एवढंच की माझी चाल मंदावली होती. ऑस्ट्रियातल्या मारिएनथाल गावात 1930 च्या सुमारास गिरणी बंद पडली, तेव्हा संशोधकांनी लोकांच्या नकळत घड्याळ लावून त्यांचं चालणं मोजलं होतं. बेकार पुरुष रेंगाळत, मध्येच थांबत चालायचे; बायका भरभर, कारण घरकाम काही बंद पडलं नव्हतं. हे मी नंतर वाचलं. आमच्याकडे घड्याळ लावायची गरजच नव्हती. बायको ऑफिसला निघाली की मी सोबत खाली उतरायचो, आणि मी शेवटच्या पायरीवर येईपर्यंत ती कोपऱ्यावरून वळलेली असायची.

तर, फोन. घरात रेंज नसायची म्हणून मी जिन्यात जाऊन बोलत होतो. माझ्याच हाताखाली शिकलेला मुलगा. "सर, जागा आहे. पोस्ट लहान आहे, पगार तुमच्या आधीच्या निम्मा, पण घरापासून 20 मिनिटं. रिपोर्टिंग मला असेल, पण ते नुसतं कागदावर हो." बिचारा किती जपून बोलत होता! त्या जपण्यानेच मी जास्त पेटलो. कठड्याचा सुटलेला रंग नखाने खरवडत राहिलो. फोन ठेवला तेव्हा तळहाताएवढं लोखंड उघडं पडलं होतं. "कळवतो," म्हणालो.

घरात आलो. "कोणाचा होता?"

"बँकेचा. क्रेडिट कार्ड घ्या म्हणत होते."

"नोकरी नाही म्हणून सांगायचंस ना," ती म्हणाली आणि हसली. खूप दिवसांनी हसली होती. मीही हसलो.

तिसऱ्या दिवशी या शहरातून विचारणा झाली, कधी रुजू होऊ शकाल? सोमवारी, असं मी सांगून टाकलं. घरात विचारलं नाही, कळवलं.

अहंकार म्हणाल, तर होता. पण निम्म्या पगारात घराचा हप्ता निघत नव्हता, हेही खोटं नाही. शिवाय पुढची प्रत्येक मुलाखत शेवटच्या पगारावर येऊन अडते; एकदा खाली उतरलेला आकडा वर्षानुवर्षं मागे लागतो. हे सगळं मी आजही तावातावाने सांगू शकतो. फक्त त्या दिवशी जिन्यात यातलं काहीही माझ्या डोक्यात नव्हतं.

हिशेब नंतर जुळवला. होम्स आणि राहे या दोन मानसोपचारतज्ज्ञांची 1967 सालची ताणाची यादी आहे, आयुष्यातल्या प्रत्येक घटनेला गुण; जास्त गुण म्हणजे जास्त ताण. नोकरीवरून काढलं जाणं 47, राहती जागा बदलणं 20. "बघ, 20 म्हणजे किरकोळच," असं मी बायकोला पटवलं. त्या यादीत गुणांची बेरीज करायची असते, ते मी गाळलं. तिने 12 वर्षांची नोकरी सोडली. घरातली एक गेली होती, दुसरी मी घालवली. तिच्या जोगतं काम इथे अजून मिळालेलं नाही. आणि तुम्ही सगळे प्रश्न मला विचारता, तिला कोणी विचारत नाही.

मागच्या वर्षी तो मुलगा एका ओळखीच्यांकडे भेटला. बायकोशी बोलता बोलता सहज म्हणाला, "सरांनी तेव्हा कळवतो म्हटलं, पण कळवलंच नाही." ती त्याच्याशी छान बोलली, मुलांची चौकशी केली. घरी येईपर्यंत गाडीत एक शब्द नाही. मी समजावायला तोंड उघडलं, तर काच खाली करून बाहेर बघत बसली.

त्यावर आमचं नीट बोलणं आजवर झालेलं नाही. इथल्या घरात रेंज चांगली आहे. तरी फोन वाजला की मी सवयीने दाराबाहेर जातो, आणि परत आलो की ती मान वर न करता विचारते, "बँक?"