पाच दिवसांच्या गोळ्या आणि आत साठणारा पू

माझी सात वर्षांची, नसबंदी न केलेली कुत्री. पाणी भरमसाट पिऊ लागली, रात्रीतून दोनदा लघवीला न्यावं लागे, जेवण अर्ध्यावर आलं. दवाखान्यात ‘मूत्रमार्गाचा संसर्ग’ म्हणून पाच दिवसांच्या गोळ्या हातात ठेवल्या. शेवटची माजावर कधी आली होती, हे कुणी विचारलंच नाही. सहा आठवडे झाले होते, आणि पायोमेट्राचा, म्हणजे गर्भाशयात पू होण्याचा, हाच हंगाम.

माजानंतर कुत्री गाभण असो वा नसो, प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक (हार्मोन) साधारण दोन महिने चढलेलं राहतं. गर्भाशयाचं अस्तर जाड होतं, स्राव साचतो, आकुंचन थांबतं, तिथली प्रतिकारशक्ती दबते. माजात उघड्या ग्रीवेतून (गर्भाशयाच्या तोंडातून) वर गेलेला ई. कोलाय हा जीवाणू मग आत फोफावतो. त्याचं विष किडनीला पाणी राखू देत नाही, म्हणून लघवी वाढते आणि त्यापायी तहान.

‘स्राव नाही, ताप नाही’ म्हणून मला परत पाठवलं. ग्रीवा मिटलेली असेल तर पू बाहेर येणार कुठून? तो आतच साठतो, गर्भाशय फुगतं, फुटूही शकतं. उलट स्राव नसेल तरच जास्त घाई करायची. ताप तर पुष्कळदा नसतोच. गोळ्यांनी दोन दिवस जरा बरं वाटलं, तेही फसवंच; नुसत्या अँटिबायोटिकनं साठलेला पू निघत नाही. चौथ्या दिवशी उलट्या, पोट ताठ. (अशा वेळी पोट दाबून बघू नका.) दुसऱ्या दवाखान्यात सोनोग्राफीत पू भरलेलं गर्भाशय लगेच दिसलं.

पुढचं सरळ झालं: रक्ततपासणी, सलाइन, शिरेतून अँटिबायोटिक, प्रकृती सावरताच अंडाशयासकट गर्भाशय काढलं. बाराव्या दिवशी टाके निघाले.

अॅग्लेप्रिस्टोन या प्रोजेस्टेरॉन रोखणाऱ्या औषधाची इंजेक्शनं असतात, किलोला 10 मिलिग्रॅम, पहिल्या, दुसऱ्या आणि साधारण आठव्या दिवशी. पण ती पिल्लं हवी असलेल्या, तरुण आणि प्रकृती स्थिर असलेल्या कुत्रीसाठी. पुढच्या माजानंतर दुखणं उलटू शकतं. सात वर्षांच्या कुत्रीवर मी तो जुगार खेळले नसते.

माज थांबवायची इंजेक्शनं प्रोजेस्टेरॉनच्याच जातीची, तीही धोका वाढवतात. दवाखान्यात जाताना माजाची तारीख लिहून न्या आणि न विचारता सांगा. पाणीही मोजून द्या: दिवसाला किलोमागे 100 मिलिलिटरच्या वर जात असेल तर गोळ्या घेण्याआधी सोनोग्राफी मागा.