एका शब्दापायी एकतीस दिवस

जुन्या अमेरिकन चित्रपटाच्या आठ लॉबी कार्डांचा, म्हणजे थिएटरात लावायच्या छापील जाहिरात-कार्डांचा, पूर्ण संच मी परदेशातल्या एका विक्रेत्याच्या कॅटलॉगमधून मागवला. निवड, पैसे भरणं, पार्सल निघणं, सगळं चार दिवसांत झालं. पुढच्या एकतीस दिवसांचा राग मात्र अजून गेलेला नाही.

ट्रॅकिंगवर एकच ओळ होती: 'कस्टम्समध्ये थांबवले'. नवव्या दिवशी फोन लागला. 'कागदपत्रं अपुरी आहेत,' एवढंच उत्तर. कोणती, ते पलीकडच्या माणसाला सांगता येईना. चौदाव्या दिवशी पत्र आलं, इन्व्हॉइस आणि पैसे भरल्याचा पुरावा मागणारं. दोन्ही त्याच दिवशी पाठवले. पुन्हा दहा-बारा दिवस शांतता. रोज फोन करत राहिले तेव्हा कुठे खरी अडचण कळली. पार्सलवरच्या सीएन २३ फॉर्मवर, म्हणजे कस्टम्ससाठी आत काय आहे ते सांगणाऱ्या विवरणपत्रावर, वस्तूच्या वर्णनाच्या रकान्यात, विक्रेत्याने फक्त 'कलेक्टिबल' असं लिहिलं होतं. या शब्दात नाणं बसतं, बाहुली बसते, पुरातन मूर्तीही बसते. तपासणाऱ्याने शुल्क ठरवायचं कशावरून? हे मला पटलं. पण मग पहिल्याच फोनवर एका वाक्यात सांगायला काय हरकत होती? त्यात भर म्हणजे किमतीच्या जागी विम्याची रक्कम लिहिलेली. इन्व्हॉइसवरचा आकडा वेगळा, त्यामुळे संशय आणखी वाढला.

शेवटी वर्णन मीच लिहून पाठवलं: 'छापील कागदी कार्डं, नग ८, प्रत्येकी ११ × १४ इंच, चित्रपटाच्या जाहिरातीसाठी वापरलेली, जुनी, एचएस शीर्ष ४९११.' एचएस म्हणजे कस्टम्ससाठी मालाचं वर्गीकरण करणारी आंतरराष्ट्रीय क्रमांकपद्धत; या शीर्षाखाली छापील चित्रं आणि जाहिरातीचं साहित्य येतं. विक्रेत्याकडून किंमत आणि विमा वेगळे दाखवणारं नवं इन्व्हॉइस घेतलं आणि तेही जोडलं. चौथ्या दिवशी पार्सल सुटलं. त्या संध्याकाळी मला अक्षरशः रडू आलं.

तेव्हा ऑर्डर देतानाच वर्णनाचं वाक्य विक्रेत्याला लिहून द्या. शुल्क वाचावं म्हणून किंमत कमी दाखवायला किंवा 'भेट' लिहायला सांगू नका. ते खोटं विवरण ठरतं, आणि पार्सल हरवलं तर भरपाई मागताना तोच आकडा आडवा येतो.

हो, आणि ट्रॅकिंग क्रमांक नीट बघा. आंतरराष्ट्रीय टपालाचा क्रमांक तेरा चिन्हांचा असतो: दोन अक्षरं, नऊ अंक, शेवटी देशाची दोन अक्षरं. तसा नसेल तर पार्सल बहुधा कुरियरकडे असतं, टपाल खात्याला फोन करून उपयोग नाही. टपालाने येणाऱ्या वस्तूची चौकशी पाठवल्यापासून सहा महिन्यांच्या आत नोंदवावी लागते, आणि बहुतेक ठिकाणी ती पाठवणाऱ्यानेच करायची असते. म्हणून विक्रेत्याशी बोलणं तुटू देऊ नका, कितीही चिडलात तरी.

पोस्टर मागवत असाल तर घड्या पाहून घाबरू नका. ऐंशीच्या दशकापूर्वीची बहुतेक अमेरिकन पोस्टरं थिएटरांकडे घडी घालूनच जात. लॉबी कार्डं मात्र सपाटच हवीत, दोन्ही बाजूंनी जाड पुठ्ठा लावून. गुंडाळलेली घेऊ नका.

माझं पाकीट तपासणीत कापून पुन्हा चिकटवलेलं होतं. आठही कार्डं मोजली. सातव्याच्या चारही कोपऱ्यांना टाचणीची भोकं आहेत, थिएटरात लावलं होतं तेव्हाची.