तुम्ही विचारलंत म्हणून: माझ्या फाईलीत फोटो कमी का?

केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत आम्ही शिक्षक जमलो की कोणीतरी विचारतंच, बाई तुमच्या कामाच्या फाईलीत फोटो एवढे कमी आणि वह्यांच्या झेरॉक्स एवढ्या कशाला, तपासणीला दाखवणार काय? दरवेळी मी विषय बदलते. आज नीट सांगते.

2020 च्या शैक्षणिक धोरणाने शिक्षकांसाठी व्यावसायिक मानकं, म्हणजे शिक्षकाचं काम कसं असावं याचे निकष, करायला सांगितली, राष्ट्रीय शिक्षक शिक्षण परिषदेने (एनसीटीई) ती केली, वाचलीत आपण सगळ्यांनी. वर्षाला 50 तास प्रशिक्षण हेही त्याच धोरणातलं. त्याची प्रमाणपत्रं माझ्याकडेही आहेत हो, पण त्यावरून कळतं ते एवढंच की बाई हजर होत्या. दुसऱ्या दिवशी वर्गात काय बदललं ते कुठे दिसतं?

आमची शाळा मालवण तालुक्यातली, किनाऱ्याला लागून. दुसरीत एक मुलगी होती, घरात मालवणी, वडील रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढून मासे धरायच्या कामावर. पुस्तक समोर ठेवलं की गप्प. म्हणून मी पुस्तक बाजूला ठेवलं आणि पोरांना सांगितलं, किनाऱ्यावरच्या होड्यांची नावं लिहून आणा. हिने रोज आणली. आधी नुसती चित्रं काढल्यासारखी अक्षरं, काना एकीकडे मात्रा दुसरीकडे, मग हळूहळू सरळ, आणि एक दिवस मधल्या सुट्टीत मला हाताला धरून वहीजवळ नेलं आणि ‘श्री रवळनाथ प्रसन्न’ बोट ठेवून वाचलं. जोडाक्षरांसकट! त्या क्षणाचा फोटो नाही. माझे हात रिकामे नव्हते, आणि असते तरी मी मोबाईल काढला नसता.

पुढे शाळा तपासायला साहेब आले. मी कौतुकाने सांगितलं तर म्हणाले, व्हिडिओ कुठाय? नाही म्हटल्यावर तिला सगळ्यांसमोर उभं केलं, पुस्तक हातात दिलं, मोबाईल तोंडासमोर धरला, वाच. ती वाचेना. परत वाच. तिचे डोळे भरले, तेव्हा मी मध्ये पडले, सर पुरे, म्हटलं. वही पुढे केली, ती उघडलीसुद्धा नाही. शेरेबुकात आलं, ‘वाचनात अपेक्षित प्रगती नाही.’ ती मुलगी त्यानंतर बरेच दिवस मोठ्याने वाचत नव्हती. हे मला अजून सहन होत नाही.

आधी मी म्हणायचे, पुरावा कसला, वर्गात येऊन बघा. पण येणारा माणूस एकच दिवस बघतो, तोही असा. म्हणून आता वहीचं पहिलं पान तारखेसकट ठेवते, मग मी काय बदललं त्याच्या दोन ओळी, मग नंतरचं पान. जे जमलं नाही त्याचीही पानं ठेवते, ती काढून टाकली तर उरलेली खरी कोण मानेल? ज्ञान आणि त्याचा वर्गातला वापर याबद्दलच्या मानकाखाली हेच बसतं असं मला वाटतं. टेबलाभोवती बसवलेल्या पोरांच्या फोटोतून कोण काय शिकलं ते कळत नाही, मग तो कितीही छान येवो.

तरी ‘वर्गात येऊन बघा’ हे माझं जुनं म्हणणं अगदीच चुकीचं होतं असं मी मानणार नाही. तिचे वडील बाजारात भेटून म्हणाले होते, ‘बाई, चेडू वाचूक लागलां’, म्हणजे मुलगी वाचायला लागली. हे कुठल्या रकान्यात लिहायचं? आणि झेरॉक्सचे पैसे स्वतःच्या खिशातून किती वर्षं घालायचे? तुमच्यापैकी कोणी पालकांचं बोलणं नोंदवत असेल तर कसं नोंदवता ते पुढच्या परिषदेत जरूर सांगा, मला हवंय.