दरवाजे शेवटी बसतात, मग तुम्ही इतक्या आधी कशाला?

"भिंती अजून उभ्या राहायच्यात आणि तुम्ही दरवाज्यांचं काय घेऊन बसलात?" साइटवरच्या पहिल्या बैठकीला गेले की कोणी ना कोणी हे विचारतंच. बहुतेक वेळा मी हसून वेळ मारून नेते. पण तुम्ही मनापासून विचारलंत म्हणून नीट सांगते.

घरातला दरवाजा म्हणजे चौकट, पल्ला, तीन बिजागऱ्या आणि एक कडी. ऑफिस, हॉस्पिटल, मॉल अशा इमारतीत एकेका दरवाज्यापाशी गवंडी, फरशीवाला, वायरमन, फायर अलार्मवाला, सुरक्षा यंत्रणेचा माणूस आणि सुतार असे सहा जण येऊन जातात. त्यातल्या प्रत्येकाला दरवाजा दुसऱ्याच कुणाचा तरी वाटतो. या सहांना भिंत उभी राहायच्या आत एका कागदावर आणणं हे माझं काम. त्या कागदाला आम्ही डोअर शेड्यूल म्हणतो. प्रत्येक दरवाज्याला एक नंबर, आणि त्या नंबरापुढे माप, भिंतीची जाडी, उघडायची बाजू, आग किती मिनिटं अडवायची, कुलूप कुठलं, वायर कुठून येणार. दिसायला कंटाळवाणा तक्ता, पण इमारतीतली निम्मी भांडणं त्यात आधीच मिटलेली असतात.

मापाचंच घ्या. नकाशात ९०० मिमी लिहिलं की सगळे निर्धास्त होतात. पण ९०० कशाचं? पल्ला ९०० मिमीचा असेल, तर तो काटकोनात उघडल्यावर त्याची स्वतःची जाडी आणि चौकटीची खाच वजा जाऊन ८५० च्या आसपासच वाट उरते. त्यावर आडवा पॅनिक बार, म्हणजे ढकलला की कुलूप सुटणारा दांडा, असला तर आणखी कमी. व्हीलचेअरवरच्या माणसाला पल्ल्याच्या मापाशी काही देणंघेणं नसतं, त्याला मोकळी वाट हवी. शिवाय दरवाजा स्वतःकडे ओढायचा असेल तर कडीच्या बाजूला साधारण अर्धा मीटर रिकामी भिंतही हवी, नाहीतर खुर्चीच पल्ल्याच्या आड येते. कोपऱ्याला चिकटून ठेवलेलं ओपनिंग नंतर सरकवता येत नाही.

आता माझी एक फजिती. एका इमारतीत कॉरिडॉरला कार्पेट ठरलं होतं. तयार फरशीची पातळी विचारून घेतली, चौकटी तशा बसवल्या, पल्ले बनवायला दिले. मधे कधीतरी कुठल्याशा बैठकीत कार्पेटचा दगड झाला. दगड आणि त्याखालचा मसाला धरून जमीन दोन सेंटिमीटरांहून जास्त वर आली. पल्ले आले, टांगले आणि जमिनीला घासून अडकले. सुताराने शांतपणे रंधा काढला. साध्या दरवाज्यांचं त्याने निभावून नेलं, पण जिन्याचे आणि कॉरिडॉरचे दरवाजे फायर डोअर, म्हणजे ठरावीक मिनिटं आग अडवणारे, होते. फायर डोअरची भट्टीतली चाचणी पल्ला, चौकट, बिजागऱ्या, कुलूप असा सगळा संच एकत्र धरून होते, आणि ३०, ६० किंवा १२० मिनिटांचा शिक्का त्या संचाला मिळतो. उत्पादकाने मुभा दिलेल्या दोन-चार मिलिमीटरांपलीकडे रंधा मारला की शिक्का गेला, मग दरवाजा कितीही भक्कम दिसो. ते सगळे पल्ले पुन्हा करून घ्यावे लागले आणि तोवर इमारत खोळंबली. दोष कुणाचा? दगड ठरवणाऱ्यांनी कळवलं नाही हे खरंच, पण मीही पातळी एकदाच विचारून गप्प बसले होते. आता चौकटींच्या आधी विचारते, आणि पल्ल्यांची ऑर्डर देण्यापूर्वी पुन्हा.

पल्ला आणि चौकटीतल्या फटीवरूनही मी हटून बसते, ते का हेही सांगते. फायर डोअरच्या कडेला एक पट्टी असते. उष्णता लागली की ती फुगते आणि पल्ला-चौकटीतली फट बुजवते. फट ३ मिमीची आहे असं धरलेलं असतं. चौकट ओळंब्यात नसल्याने ती एका टोकाला ८ मिमी झाली, तर पट्टी फुगूनही पुरी पडत नाही.

आणि हाच दरवाजा कोणीतरी लाकडी पाचर ठोकून दिवसभर उघडा ठेवतं! माणसांना दोष देण्यात अर्थ नाही, सारखी ये-जा असेल तर तसं होणारच. अशा ठिकाणी पल्ला उघडा धरायला विद्युतचुंबक बसवायचा. अलार्म वाजला की वीज तुटते, चुंबक सोडतो आणि क्लोजर, म्हणजे दार आपोआप लावणारं यंत्र, पल्ला लावून घेतो. पण त्यासाठी वायर भिंतीत हवी, म्हणजे ही गोष्ट प्लास्टरआधी ठरायला हवी. इलेक्ट्रिक कुलपांचंही तसंच. वीज गेल्यावर उघडणारं हवं की बंदच राहणारं, हे दरवाज्यागणिक ठरवावं लागतं. दोन्हीत आतल्या माणसाला किल्लीशिवाय बाहेर पडता आलंच पाहिजे, यावर मी वाद घालत नाही.

उघडायच्या दिशेवर मात्र घालते. बॉस्टनच्या कोकोनट ग्रोव्ह नाइटक्लबला २८ नोव्हेंबर १९४२ ला आग लागली आणि ४९२ माणसं गेली. मुख्य दाराला एकच फिरता दरवाजा होता, तो गर्दीने जॅम झाला. बाकीच्या वाटांतल्या काही कुलूपबंद होत्या, काही दरवाजे आत उघडणारे होते. मागून रेटा आला की आत उघडणारा दरवाजा कुणाच्याच हाताने उघडत नाही. त्यानंतर फिरत्या दरवाज्याशेजारी बाहेर उघडणारे साधे दरवाजे असावेत असे नियम झाले. त्यामुळे नकाशात काचेचा देखणा फिरता दरवाजा दिसला की माझी नजर आधी त्याच्या दोन्ही बाजूंना जाते. बाहेर उघडणारा पल्लाही कॉरिडॉरची वाट अडवतो, म्हणून त्याच्यासाठी भिंत थोडी आत घ्यावी लागते. ते रेषा नकाशावर असतानाच जमतं.

शेवटच्या दिवसावर मी एकच गोष्ट ठेवते, ती म्हणजे किल्ल्या. काम चालू असताना कुलपांत तात्पुरते सिलिंडर (किल्ली घालायचा गाभा) असतात आणि त्यांच्या किल्ल्या अर्ध्या साइटच्या खिशात फिरत असतात. ताबा द्यायच्या दिवशी ते काढून खरे सिलिंडर घालते आणि मास्टर किल्ली सही घेऊन मालकाच्या हातात देते.