तुम्ही विचारलंत म्हणून: तमिळ सिनेमात हल्ली जातच का असते?

मी धारावीत वाढलो, आईवडील तिरुनेलवेलीकडचे, म्हणून हा प्रश्न फिरून फिरून माझ्याकडेच येतो. ‘तुमच्याकडे हल्ली सगळ्या सिनेमांत जातच का?’

हल्ली? 1992 सालच्या दोन गाजलेल्या सिनेमांची नावं वाचा: ‘चिन्न गौंडर’ आणि ‘तेवर मगन’. गौंडर, तेवर ही गावांत वरचढ असलेल्या जातींची नावं. जात पोस्टरवरच होती. नायकाची होती, म्हणून कुणाला खुपली नाही. पा. रंजित, मारी सेल्वराज हे दिग्दर्शक आले, नायक दलित झाला आणि तुम्हाला जात दिसायला लागली.

‘तेवर मगन’मध्ये तेवरांच्या पायांखालच्या मातीचं गुणगान करणारं गाणं आहे, चाल इळैयाराजांची. मी नऊ वर्षांचा असेन. काजळाने मिशी काढून, अप्पांचा टॉवेल खांद्यावर टाकून त्या कॅसेटवर नाचत होतो. अप्पा चामड्याच्या कारखान्यातून आले आणि दारातच थांबले. वाटलं, आता मार बसणार. त्यांनी टेप बंद केला. माझ्या खांद्यावरचा टॉवेल उचलला, घडी केली आणि स्वतःच्या काखेत धरला. “गावात त्यांच्या गल्लीतून जाताना आम्ही हा असा धरायचो,” म्हणाले. एवढंच. कॅसेट पुन्हा दिसली नाही. मी रडलो, पण कॅसेटसाठी.

कॉलेजात मीच त्या सिनेमाची बाजू घेऊन भांडायचो. शेवटी तो हिंसा थांबवा, पोरांना शिकवा असंच सांगतो ना! सांगतो. आजही नाकारत नाही. आणि नव्या सिनेमांत मारामारी फार आहे, हेही मान्य. पण ‘तेवर मगन’मध्ये इसक्की नावाचा नोकर झालेले वडिवेलू 2023 च्या ‘मामन्नन’मध्ये दलित आमदार आहेत, आणि तरीही वरच्या जातीच्या नेत्यापुढे उभेच राहतात. मुलगा त्यांना खुर्चीवर बसायला लावतो. त्या प्रसंगाला मी शेजारी बसलेल्या अप्पांकडे पाहिलं नाही. धीर झाला नाही.

गावकीचे ते जुने सिनेमे आले तेव्हा तुम्ही मला कधीच काही विचारलं नाहीत, याचा राग आहे. पण ते गाणं अजून माझ्या तोंडात येतं. अप्पा घरात असले की मध्येच थांबतो. नसले की पूर्ण म्हणतो.