बोसेला कशाला गेले होते, तुम्ही विचारलंत म्हणून

"ताई, येशू तर इथेही तोच आहे. मग दुनियाभरच्या पंथांच्या पोरांबरोबर बसून धर्मशास्त्र शिकायला स्वित्झर्लंडला कशाला जायचं?"

उपासना संपली, की पायऱ्यांवर चपला शोधता शोधता हा प्रश्न मला कुणी ना कुणी विचारतंच. मंडळीतले वडीलधारे विचारतात तेव्हा त्यात काळजी असते, पोरगी पंथ बदलून तर आली नाही ना. तरुण मुलं विचारतात तेव्हा त्यांना खरं तर शिष्यवृत्तीचं विचारायचं असतं. उभ्या उभ्या मी काहीतरी बोलून वेळ मारून नेते आणि घरी पोचेपर्यंत मनाला लागून राहतं, की हे नीट सांगायला हवं होतं. आज बसून सांगते.

जिनिव्हापासून वीसेक किलोमीटरवर बोसे नावाचा एक जुना वाडा आहे. खाली सरोवर, आणि आभाळ मोकळं असलं की पलीकडे माँ ब्लाँचा बर्फ. तिथे जागतिक चर्च परिषदेची एक्युमेनिकल इन्स्टिट्यूट चालते. एक्युमेनिकल म्हणजे वेगवेगळ्या ख्रिस्ती पंथांच्या ऐक्याशी जोडलेलं. हा शब्द ज्या ग्रीक शब्दावरून आला त्याचा अर्थ सगळी वसलेली पृथ्वी, आणि त्याच्या मुळाशी घर आहे. संस्था सुरू झाली १९४६ मध्ये. महायुद्ध संपून जेमतेम वर्ष झालं होतं. ज्यांनी एकमेकांची शहरं जाळली, त्या दोन्हीकडच्या देशांत रविवारी चर्चच्या घंटा वाजत होत्या. दोन्हीकडे तोच येशू होता, आणि त्याने कुणाचा हात थांबला नव्हता. अशा वेळी दोन्हीकडच्या तरुणांना एका छताखाली बसवून पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, वाचायला लावायचं, यासाठी ही जागा उभी राहिली. पैसा आला अमेरिकेतल्या जॉन डी. रॉकफेलर ज्युनियर यांच्या देणगीतून. चर्च परिषदेची रीतसर स्थापना झाली १९४८ मध्ये, ॲमस्टरडॅमला. म्हणजे लेक आईपेक्षा दोन वर्षांनी मोठी. पहिले संचालक हेंड्रिक क्रेमर हे डच भाषाशास्त्रज्ञ, युद्धात जर्मनांच्या छावणीत ओलीस राहून आलेले. त्यांच्या जोडीला होत्या फ्रान्सच्या सुझान द दिएत्रिश, शिक्षणाने इंजिनियर, आणि पवित्र शास्त्र शिकवण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. दोघांपैकी एकालाही पाळकपदाची दीक्षा नव्हती. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण आपल्याकडे धर्मशास्त्र म्हटलं की ते पाळकांचं काम, असं आपण धरून चालतो. १९५२ पासून तिथला अभ्यासक्रम जिनिव्हा विद्यापीठाशी जोडलेला आहे. मी सप्टेंबर ते जानेवारी अशी एक सहामाही तिथे होते.

जाताना माझ्या मनात थोडा तोरा होता. मी चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची. सहा वेगवेगळ्या मंडळ्या एकत्र येऊन २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला आमचं हे चर्च झालं. अँग्लिकन, बॅप्टिस्ट, मेथडिस्ट, ब्रदरन, डिसायपल्स, आणि काँग्रिगेशनल-प्रेस्बिटेरियन आधीच एक झालेले. ऐक्य तर आमच्या घरातच होतं. आजोबा अमेरिकन मराठी मिशनचे आणि आजी एसपीजीची, म्हणजे अँग्लिकन. नगर जिल्ह्यात दोन्ही मिशनं होती आणि दोघांमध्ये चांगलीच चुरस होती. आजीला लहानपणापासून गुडघे टेकून प्रार्थना करायची सवय. सासरच्या चर्चमध्ये सगळे बसून करायचे. ती शेवटपर्यंत बाकाच्या कडेला बसायची, म्हणजे गुडघे टेकले तरी कुणाच्या पायात येणार नाही. तर एकत्र राहणं म्हणजे काय हे मला कुणी शिकवावं, असं मला वाटत नव्हतं.

पहिल्याच आठवड्यात तो तोरा उतरला. आम्ही तीसेक जण होतो. टांझानियाची लुथरन पाळक, कोरियाचा मेथडिस्ट, इजिप्तचा कॉप्टिक मुलगा, फिलिपिन्सची कॅथलिक सिस्टर, रुमानियाचा ऑर्थोडॉक्स, ज्याला लवकरच पुरोहितपद मिळणार होतं. (कॅथलिक चर्च परिषदेचं सभासद नाही, तरी त्यांची माणसं बोसेत शिकायला आणि शिकवायलाही असतात.) आणि कोट्टयमचा एक मलंकारा ऑर्थोडॉक्स मुलगा. आपल्याच देशातला. त्याच्या मंडळीची परंपरा प्रेषित थोमापर्यंत जाते, त्याच्या प्रार्थनेत सुरियानी या जुन्या भाषेतले शब्द येतात, आणि मी नगरची, पंडिता रमाबाईंनी केडगावला बसून मूळ भाषांतून शास्त्र मराठीत आणलं त्या मुलखातली. त्याला रमाबाई माहीत नव्हत्या. मला सुरियानी चर्चबद्दल दोन वाक्यंसुद्धा धड सांगता आली नाहीत. दोघंही भारतीय ख्रिस्ती, आणि भेट झाली ती सात हजार किलोमीटरवर, कपडे धुवायच्या मशीनपाशी. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथेच आहे. इथे राहून आम्ही एका बाकावर कधी बसलो असतो?

वर्गात काय शिकवत, असंही विचारता. १९८२ मध्ये पेरूतल्या लिमा इथे मान्य झालेला बाप्तिस्मा, प्रभुभोजन (येशूच्या आठवणीत पाव आणि द्राक्षारस घ्यायचा विधी) आणि सेवा यांवरचा दस्तऐवज आम्ही ओळ न ओळ वाचला. चर्चचा इतिहास, शास्त्राचा अर्थ लावायच्या पद्धती, निबंध, ग्रंथालयातल्या रात्री, हे सगळं कुठल्याही कॉलेजात असतं तसंच. फरक एवढाच, की जे पुस्तकात वाचायचं तेच सकाळच्या प्रार्थनेत तुमच्या शेजारी उभं असतं. एकदा आम्ही नायसिन मतांगीकार, म्हणजे उपासनेत सगळ्यांनी मिळून म्हणायची विश्वासाची जुनी कबुली, म्हणत होतो. पवित्र आत्मा "पित्यापासून आणि पुत्रापासून निघतो" हे मी लहानपणापासून म्हणत आलेय. माझ्या तोंडून "आणि पुत्रापासून" निघालं आणि शेजारी रुमानियाचा मुलगा पुढच्या शब्दावर गेलेलाही होता. त्यांच्या मतांगीकारात ते दोन शब्द नाहीत, कारण ३८१ मध्ये ठरलेल्या मूळ पाठातच ते नव्हते. पश्चिमेकडच्यांनी नंतर घातले. हजार वर्षांचं भांडण मला एका श्वासाच्या अंतरात ऐकू आलं. तोवर मला ते दोन शब्द नंतर आले आहेत हेसुद्धा माहीत नव्हतं.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहायला घेतलं ती सांगते.

ऑक्टोबरातल्या एका रविवारी त्या रुमानियन मित्राबरोबर मी शाम्बेझीला गेले. बोसेजवळच्या कोपेहून लोकल गाडीने काही स्टेशनं. तिथे कॉन्स्टँटिनोपलच्या पॅट्रिआर्कचं, म्हणजे ऑर्थोडॉक्स धर्मप्रमुखाचं, केंद्र आहे. दोन तास उपासना चालली, बरीचशी उभ्यानेच, धूप, मेणबत्त्या आणि न थांबणारं गाणं. मला ग्रीक कळत नव्हतं, तरी डोळे भरून आले. मग प्रभुभोजनाची वेळ आली. लोक रांगेत पुढे जाऊ लागले. मित्राने आदल्या दिवशीच मला सांगून ठेवलं होतं, की ऑर्थोडॉक्स नसलेल्याला ते घेता येत नाही. डोक्याला कळलं होतं. पण माणसं पुढे चालली आणि मी मागे उभी राहिले, तेव्हा माझ्या पोटात जे झालं ते डोक्याचं काम नव्हतं.

आमच्या घरी एक गोष्ट सांगितली जाते. आजीच्या आजीला गावात पाणी वरून ओतून मिळायचं, ओंजळीत, भांडं लागणार नाही अशा बेताने. ख्रिस्ती झाल्यावर प्रभुभोजनाच्या दिवशी तिच्या हातात पेला आला, आणि तोच पेला तिच्या आधी एका ब्राह्मण ख्रिस्ती माणसाने ओठांना लावला होता. ती पेला हातात धरून बसूनच राहिली, पाळकांना म्हणावं लागलं, "पी, बाई." आमच्यासाठी प्रभुभोजन म्हणजे ही गोष्ट आहे. पंगतीतला भेद मोडला तो तिथे. आणि मी त्याच भोजनापासून चार हात लांब उभी होते, बाहेरची म्हणून.

परतीच्या गाडीत मी मित्राशी बोलले नाही. व्हर्सुआ स्टेशन गेल्यावर त्याने विचारलं, आणि मी सगळं सांगितलं. पाणी, ओंजळ, पेला. त्याने मध्येच "पण आमच्या मते" असं एकदाही म्हटलं नाही. मग खिशातून रुमाल काढला. त्यात पावाचा एक तुकडा होता. त्यांच्याकडे उपासनेच्या शेवटी आशीर्वादित पाव सगळ्यांना वाटतात, अँटिडोरॉन म्हणतात त्याला, म्हणजे "दानाच्या बदल्यात". हा पाव प्रभुभोजनाचा नसतो, त्यामुळे बहुतेक ठिकाणी परक्यालाही देतात. वाटप सुरू झालं तेव्हा मी बाहेर निघून गेले होते. त्याने माझ्या वाटचा तुकडा आणला होता. तो म्हणाला, "मला तुला ते देता येत नाही. हे देता येतं. आणि ते देता येत नाही याचं मला वाईट वाटत नाही असं समजू नकोस." तुकडा घट्ट होता, वाळायला लागलेला. आम्ही दोघांनी तो अर्धा अर्धा खाल्ला. आपल्या प्रॉटेस्टंट माणसाला प्रसाद हा शब्द तोंडात यायला जड जातं, पण मला दुसरा शब्द सुचला नाही.

त्याचं म्हणणं मला पटलं का? नाही. प्रभूच्या मेजावर यजमान प्रभू आहे, आपण नाही, असं मला आजही वाटतं. पण त्या दिवसापर्यंत मला वाटायचं, की ते लोक अडवतात कारण त्यांना आम्ही कमी वाटतो. तसं नाही. त्यांच्या लेखी एकत्र जेवणं ही ऐक्याची शेवटची पायरी आहे, आपल्या लेखी पहिली. आधी विश्वास एक व्हावा, मग पंगत. हे मी त्यांच्या तोंडून, रडून झाल्यावर ऐकलं. पुस्तकात वाचलं असतं तर दोन ओळींत खोडून टाकलं असतं.

दुसरी गोष्ट नोव्हेंबरातली. मला वर्गात आपल्याकडच्या धर्मशास्त्राबद्दल बोलायचं होतं. मी आपल्या महाराष्ट्रातल्या अरविंद निर्मळांवर बोलले. १९८१ मध्ये बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात त्यांनी शूद्र धर्मशास्त्रावर व्याख्यान दिलं आणि दलित धर्मशास्त्राची वाट तिथून उघडली. बायबलमधल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या २६ व्या अध्यायात इस्राएली माणूस म्हणतो, की माझा मूळ पुरुष भटकणारा अरामी होता. निर्मळ म्हणत, आमच्या दलित बापाला तेवढी भटकायचीही मोकळीक नव्हती, तो गावकुसाबाहेर टाकलेला होता. हे सांगताना मी कोट्टयमच्या मुलाकडे पाहत नव्हते. केरळातल्या सुरियानी ख्रिस्ती घरांना समाजात वरचं स्थान होतं, हे आम्हा दोघांना ठाऊक होतं. टांझानियाच्या पाळकबाईंनी विचारलं, "म्हणजे तुमच्यातली फूट मतांगीकारावरून नाही, वस्तीवरून आहे?" वर्ग गप्प झाला. मग तो मुलगा उठला आणि म्हणाला, की आमच्या घरी कामाला येणाऱ्या बाईही ख्रिस्तीच होत्या, त्या कुठल्या चर्चला जातात हे मी कधी विचारलं नाही. एवढंच बोलून बसला. चर्चचं ऐक्य म्हणजे रोम आणि कॉन्स्टँटिनोपलचं, कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्सांचं, जुळणं, असं समजणाऱ्या अर्ध्या वर्गाला त्या दुपारी दुसरीच भेग दिसली. मला स्वतःलासुद्धा, कारण मांग वस्तीतल्या ख्रिस्ती घरांशी आमच्या महार ख्रिस्ती घरांनी सोयरिकी किती केल्या, हे मला माझ्याच आजीला विचारायचं राहून गेलं होतं.

जानेवारीत रोमला नेलं, ख्रिस्ती ऐक्याच्या प्रार्थना-सप्ताहात, १८ ते २५ तारखेच्या दरम्यान. फोटो तुम्ही पाहिले आहेत, पुन्हा सांगत नाही.

तरुण मुलांसाठी एवढं सांगते. अर्जाला आपल्या मंडळीचं शिफारसपत्र लागतं, तेव्हा आधी मंडळीत काम करा. सहामाही जमत नसेल तर ग्लोबल एक्युमेनिकल थिऑलॉजिकल इन्स्टिट्यूट नावाचा छोटा अभ्यासक्रम परिषदेच्या मोठ्या संमेलनांबरोबर भरतो; २०१३ मध्ये बुसानला झाला, २०१८ मध्ये अरुशाला, २०२२ मध्ये कार्ल्सरूहला. आणि इंग्रजीची भीती बाळगू नका. तिथे जवळजवळ प्रत्येकाचं इंग्रजी मोडकंच होतं, आणि त्यामुळे सगळे सावकाश बोलत, सावकाश ऐकत.

परत आल्यावर मी आपल्या आणि कॅथलिक पॅरिशच्या काही मुलांना महिन्यातल्या एका शनिवारी एकत्र बसवते, हे तुम्हाला माहीत आहे. सुरुवातीचे दोन शनिवार नुसते शब्दांतच गेले. आपण बाप्तिस्मा म्हणतो, ते स्नानसंस्कार म्हणतात. आपलं प्रभुभोजन, त्यांची मिस्सा. तिसऱ्या वेळी त्यांच्यातल्या एकाने विचारलं, "ताई, आम्ही तुमच्या प्रभुभोजनाला आलो तर चालेल का?" मी त्याला खरं ते सांगितलं. आमच्याकडून ना नाही, पण तुझ्या चर्चची शिकवण तुला ते घ्यायला परवानगी देत नाही. तू तुझ्या फादरना विचार, आणि ते का म्हणतात तेही विचार. त्याने विचारलं.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी तो आला आणि माझ्या शेजारी बसला. आपल्याकडे पावाच्या तुकड्यांचं ताट बाकावरून हातोहात फिरतं. ते त्याच्याकडे आलं. त्याने ताट दोन्ही हातांत घेतलं, क्षणभर मान खाली घातली, आणि तुकडा न उचलता माझ्यासमोर धरलं.